तेल जाऊ देणारी आणि पाणी अडवणारी जाळी : लहान तेलगिरणीच्या सांडपाण्यासाठी ती कितपत उपयोगी पडेल?

बोरीकाठ (अमळनेर)

नमस्कार मंडळी.

अमळनेर तालुक्यात आमची सरकीची लहान तेलगिरणी आहे. एक्सपेलरमधून (सरकी दाबून तेल काढणाऱ्या यंत्रातून) निघालेले कच्चे तेल आम्ही तिथेच कॉस्टिकने न्यूट्रल करतो, म्हणजे कॉस्टिक सोड्याने त्यातले आम्ल घालवतो, ज्याचा साबण होतो, आणि नंतर गरम पाण्याने धुतो. त्यामुळे गिरणीतून दोन प्रकारचे पाणी बाहेर पडते. एक फरशी, पिंपे आणि फिल्टर प्रेस धुतल्याचे, आणि दुसरे तेल धुतल्याचे, ज्यात साबण असतो. सध्या ही दोन्ही पाणी एकाच हौदात उतरतात. वर तपकिरी तेलाचा थर येतो तो आम्ही डब्याने काढून घेतो, पण खालचे पाणी रात्रभर ठेवले तरी दुधाळच राहते.

नुकताच एक व्हिडिओ पाहिला. त्यात निळा रंग दिलेले पाणी आणि लाल रंग दिलेले तेल एकत्र करून एका बारीक पोलादी जाळीवर ओतले, तेव्हा तेल क्षणात खाली गेले आणि पाणी जाळीवर जसेच्या तसे राहिले. ना वीज, ना मोटर, ना रसायन. अशी जाळी हौदाच्या तोंडाशी बसवली तर आमचे काम होईल का, ती किती मेशची (इंचाला किती छिद्रांची) असावी, तिच्यावर कोणता लेप द्यावा आणि तो किती टिकतो, हे जाणकारांनी सांगावे. तेलाचा धंदा या गावात जुना आहे. आज विप्रो म्हणून ओळखली जाणारी कंपनीसुद्धा १९४५ मध्ये इथेच वनस्पती तेलाच्या कारखान्यापासून सुरू झाली. धंदा चालावा आणि नाल्यातून बोरी नदीत तेल जाऊ नये, या दोन्ही गोष्टी मला मनापासून हव्या आहेत.

पृष्ठताण (जळगाव)

बोरीकाठ भाऊ, माझे काम पृष्ठभागांच्या रसायनशास्त्राशी संबंधित आहे, म्हणून थोडे सविस्तर लिहितो.

तुम्ही पाहिलेला प्रयोग खरा आहे. मात्र अशा प्रात्यक्षिकांत बहुतेक वेळा डायक्लोरोमिथेन किंवा क्लोरोफॉर्म यांसारखा पाण्याहून जड द्रव ‘तेल’ म्हणून घेतात. तो तळाशी जातो, जाळीला टेकतो आणि लगेच खाली उतरतो. सरकीच्या तेलाची घनता पाण्याच्या ०.९२ पट असते, म्हणजे ते वर तरंगते. तुमचे मिश्रण त्याच पद्धतीने वरून ओतले, तर पाणी आधी जाळीवर बसेल आणि तेलाला जाळीपर्यंत पोहोचायला वाटच राहणार नाही. लेप कितीही उत्तम असला तरी ही अडचण सुटत नाही. ती जाळी कशी मांडायची याची अडचण आहे.

आता जाळी पाणी कशी अडवते ते पाहू. अळूच्या पानावर पाण्याचा थेंब मोत्यासारखा गोल राहतो आणि पान कलले की घरंगळतो, याचे कारण पानावरचे मेण आणि त्या मेणाचे डोळ्यांना न दिसणारे उंचवटे, या दोहोंत मिळून आहे. कमळाच्या आणि अशा इतर पानांवरचा हा परिणाम बार्थलॉट आणि नाईनहुइस या जर्मन वनस्पतिशास्त्रज्ञांनी १९९७ मध्ये तपशीलवार मांडला. पुढे २००४ मध्ये चीनमधील लेई जियांग यांच्या गटाने पोलादी जाळीवर टेफ्लॉनचा खडबडीत लेप देऊन तिच्यातून तेल जाते आणि पाणी जात नाही, हे दाखवले. पाण्याचा पृष्ठताण, म्हणजे त्याच्या पृष्ठभागाची आक्रसण्याची ओढ, मीटरला सुमारे ७२ मिलिन्यूटन असतो, तर खाद्यतेलांचा तीसच्या थोडा वर. लेपाची पृष्ठऊर्जा (घन पृष्ठभागासाठीचा तसाच आकडा) या दोन्हींपेक्षा कमी, साधारण वीसच्या आसपास ठेवली की पाणी त्याच्यापासून आक्रसते, तेल मात्र त्यावर पसरते, आणि पृष्ठभाग खडबडीत असेल तर हे दोन्ही गुण अधिक तीव्र होतात. पाण्याचा स्पर्शकोन, म्हणजे थेंबाची कड पृष्ठभागाशी करते तो कोन, १५० अंशांच्या वर गेला की त्या पृष्ठभागाला अतिजलविरोधी म्हणतात.

परंतु जाळीची पाणी पेलण्याची ताकद मर्यादित असते आणि ती आधीच काढता येते. चौकोनी छिद्राच्या जाळीसाठी, चार गुणिले पृष्ठताण गुणिले स्पर्शकोनाची कोसाइन किंमत, भागिले छिद्राची बाजू, एवढाच तो हिशोब आहे. इथे १५० अंशांचा दिखाऊ कोन धरू नये. लेपाचा स्वतःचा, गुळगुळीत पृष्ठभागावरचा कोन, म्हणजे सिलिकोनसाठी सुमारे ११० अंश, धरावा. २०० मेशच्या जाळीचे छिद्र साधारण ७५ मायक्रॉनचे असते (मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग). त्यावरून उत्तर येते सुमारे १३०० पास्कल, म्हणजे अवघा १३ सेंटिमीटर उंचीचा पाण्याचा स्तंभ. १०० मेशची जाळी घेतली तर ही उंची साडेसहा-सात सेंटिमीटरवर येते आणि ३०० मेशची घेतली तर २० सेंटिमीटरपर्यंत जाते. हौदाच्या तळाशी किंवा बाहेर जाणाऱ्या पाइपाच्या तोंडाशी, जिथे पाण्याचा मीटरभर दाब असतो, तिथे ही जाळी पहिल्याच दिवशी पाणी सोडून देईल.

याहून महत्त्वाचा मुद्दा साबणाचा आहे. जाळी एकदा तेलाने भिजली की तिच्या छिद्रांत हवा उरत नाही, त्यामुळे पाण्याला अडवणारा ताण हा तेल आणि पाणी यांच्या सीमेवरचा असतो, आणि तो ७२ नसून साधारण २५ असतो. तेलाने भिजलेल्या पृष्ठभागावर पाण्याचा कोन मोठा राहतो, म्हणून एकूण बेरीज पुन्हा बारा-तेरा सेंटिमीटरच्या आसपासच येते. पण पाण्यात साबण असेल तर हाच सीमेवरचा ताण दोन-तीनपर्यंत किंवा त्याहूनही खाली येतो, आणि तेरा सेंटिमीटर पेलणारी जाळी एक सेंटिमीटरही पेलेनाशी होते. तुमच्या हौदातले दुधाळ पाणी हे साबणामुळेच दुधाळ आहे, म्हणून त्या पाण्यावर ही जाळी चालणार नाही.

ती चालेल ती वरच्या थरावर. जाळीची भिंत आणि बंद तळ असलेली एक चौकट हौदात तरंगती ठेवायची, तिची जाळी पाण्यात तीन-चार सेंटिमीटरच बुडेल अशी. बाहेरचे तेल जाळीतून आत झिरपेल, पाणी बाहेर राहील, आणि आत साठलेले तेल हातपंपाने काढून घ्यायचे. डब्याने काढताना तेलाबरोबर जे पाणी येते ते यात येत नाही, हा खरा फायदा आहे. वेग मात्र व्हिडिओसारखा नसेल. वनस्पती तेल नेहमीच्या तापमानाला वाहायला पाण्यापेक्षा साठ-सत्तर पट घट्ट असते.

निवळण (जळगाव)

वरचा हिशोब अगदी योग्य आहे. मी औद्योगिक वसाहतीत सांडपाणी प्रक्रियेचे काम पाहतो, त्यामुळे जाळीच्या आधीच्या पायरीबद्दल लिहितो, कारण माझ्या मते तुमचे निम्म्याहून अधिक काम तिथेच होणार आहे.

सर्वांत आधी दोन्ही पाणी वेगळी करा. फरशी धुतल्याच्या पाण्यातले तेल मोकळे असते. ते तुम्ही साबणाच्या पाण्यात सोडता आणि चांगल्या सुटणाऱ्या तेलाचेही दुधाळ मिश्रण करून टाकता. यासाठी एक वेगळी गटार आणि एक वेगळी टाकी एवढाच खर्च आहे. तोवर दोन्ही पाणी वेगवेगळ्या काचेच्या बाटल्यांत घेऊन तासभर न हलवता ठेवा. ज्या बाटलीत वर तेल आणि खाली निवळ पाणी दिसेल तिथे हौद आणि जाळी पुरेशी आहे, जी बाटली तशीच पांढरी राहील तिला रसायन लागेल.

याचे कारण थेंबाच्या आकारात आहे. तेलाचा थेंब पाण्यातून वर येण्याचा वेग त्याच्या व्यासाच्या वर्गाप्रमाणे बदलतो. १५० मायक्रॉनचा थेंब सेकंदाला सुमारे १ मिलिमीटर चढतो, म्हणजे मीटरभर खोल हौदातून पंधरा-वीस मिनिटांत वर येतो. २० मायक्रॉनच्या थेंबाला तेवढ्याच अंतरासाठी सुमारे १६ तास लागतात आणि १० मायक्रॉनच्या थेंबाला अडीच दिवसांहून जास्त, तेही पाणी पूर्ण स्थिर असेल तर. साबणाच्या पाण्यातले थेंब याहूनही लहान असतात, आणि त्यांच्या अंगावर साबणाचा विद्युतभारित थर असल्यामुळे ते एकमेकांना दूर ढकलतात, एकत्र येऊन मोठे होत नाहीत. म्हणून ते रात्रभरात काय, आठवडाभरातही निवळत नाहीत. असे थेंब ७५ मायक्रॉनच्या छिद्रासमोर आले काय आणि न आले काय, जाळीला त्याचा पत्ताही लागणार नाही.

साबणाच्या पाण्यासाठी जुना आणि खात्रीचा उपाय आम्लाचा आहे. पाणी वेगळ्या टाकीत घेऊन त्यात सल्फ्युरिक आम्ल हळूहळू सोडत सामू (पीएच) २ ते ३ वर आणला की साबणाचे पुन्हा स्निग्धाम्ल (तेलातले मूळ आम्ल) होते, थेंबांवरचा भार जातो आणि तेलकट थर वर येतो. पाणी गरम असताना हे लवकर होते, आणि तुमचे पाणी तर गरमच येते. थर काढून घेतल्यावर खालच्या पाण्यात चुना घालून सामू परत आणायचा. आम्ल नेहमी पाण्यात घालायचे, पाणी आम्लात कधीही नाही. रबरी हातमोजे आणि चष्मा नसेल त्या दिवशी हे काम करू नये. सरकीच्या तेलातील गॉसिपॉल या नैसर्गिक रंगद्रव्यामुळे हा थर काळपट निघतो, त्याने घाबरू नका. साबण बनवणारे तो विकत घेतात. मात्र सांडपाण्यातून निघालेले कोणतेही तेल, जाळीतून कितीही स्वच्छ दिसले तरी, खाण्याच्या तेलात परत मिसळता कामा नये.

पर्यावरण (संरक्षण) नियमांनुसार नदी-नाल्यात सोडायच्या पाण्यात तेल आणि ग्रीस लिटरला १० मिलिग्रॅमपेक्षा जास्त चालत नाही, सामूही ५.५ ते ९ मध्येच असावा लागतो. मोकळे तेल जाळीने अगदी छान काढले तरी या आकड्यापर्यंत केवळ जाळीने पोहोचता येत नाही. त्यापुढे जैविक प्रक्रिया लागतेच. प्रदूषण नियंत्रण मंडळाची संमती ज्या व्यवस्थेसाठी घेतली असेल तिच्यात बदल करण्याआधी मंडळाला कळवावे.

बोरीकाठ (अमळनेर)

दोघांचेही आभार. बाटलीचा प्रयोग लगेच करून पाहिला. फरशीच्या पाण्यात पेंडीचा बारीक चुरा तळाशी बसला, मध्ये पाणी बरेच निवळ झाले आणि वर तेलाचा स्वच्छ पट्टा आला. तेल धुतल्याचे पाणी मात्र होते तसेच आहे. म्हणजे जाळी पहिल्या पाण्यासाठी आणि आम्ल दुसऱ्यासाठी, असे मी समजतो.

दोन शंका राहिल्या. लेप गावातल्या गावात देता येईल का? आणि आपल्याकडे डिसेंबर-जानेवारीत पारा दहा अंशांच्या खाली उतरतो, तेव्हा पिंपातले सरकीचे तेल गढूळ होऊन तळाशी गोठते. जाळीचे तेव्हा काय होईल?

रसायनवर्ग (धुळे)

मी महाविद्यालयात रसायनशास्त्र शिकवते आणि विद्यार्थिनींकडून अशा जाळ्या प्रकल्पासाठी करून घेते, म्हणून लेपाबद्दल लिहिते.

तुम्हाला ३०४ प्रतीच्या स्टेनलेस स्टीलची २०० मेशची जाळी पुरेल. आधी ती धुण्याच्या सोड्याच्या गरम पाण्यात उकळून तिच्यावरचे कारखान्यातले तेल काढावे, मग स्वच्छ पाण्याने आणि शेवटी स्पिरिटने धुऊन वाळवावी. सगळ्यात जास्त लेप इथेच बिघडतात. जाळी बोटांनी हाताळली तरी बोटांच्या खुणांच्या जागी लेप धरत नाही. लेपासाठी सिलिकोन रबर, म्हणजे पीडीएमएस, हेक्झेनमध्ये पातळ करून त्यात जाळी बुडवतो आणि एका कोपऱ्याने टांगून ठेवतो. टांगल्याबरोबर हवेचा झोत मारावा लागतो, नाहीतर छिद्राछिद्रांत द्रवाचा पडदा राहतो आणि वाळल्यावर तेच छिद्र बंद होते. वाळलेली जाळी ट्यूबलाइटसमोर धरली की बंद छिद्रे काळे ठिपके म्हणून लगेच दिसतात. त्यानंतर ८० अंशांच्या ओव्हनमध्ये दोन तास. हेक्झेन पेट घेणारे आहे, त्यामुळे हे काम गिरणीत, भट्टीजवळ किंवा मोटारीजवळ अजिबात करू नये. महाविद्यालयाच्या किंवा एखाद्या कारखान्याच्या प्रयोगशाळेतच करावे.

तयार जाळीवर पाण्याचा थेंब सोडला आणि ती थोडी कलवली की थेंब मागे ओल न सोडता खाली जातो. मी मुलींना याच्यापुढची एक चाचणी करायला लावते. तोच थेंब कपडे धुण्याच्या साबणाच्या पाण्याचा घ्यायचा. तो आधी पसरतो, मग जाळीच्या उलट्या बाजूला ओलसर डाग उमटतो आणि काही वेळाने तिथे थेंब लोंबू लागतो. वर पृष्ठताण सरांनी जो हिशोब मांडला आहे तो यापेक्षा स्पष्ट मला दुसरीकडे दिसलेला नाही.

बाजारात फ्लोरिनयुक्त फवारे मिळतात आणि त्यांचे आकडे आकर्षक असतात, पण ते घेऊ नयेत असे माझे स्पष्ट मत आहे. या कुळातली पीएफओएस आणि पीएफओए ही संयुगे निसर्गात जवळजवळ विघटित होत नाहीत. अशा टिकून राहणाऱ्या प्रदूषकांवरच्या आंतरराष्ट्रीय स्टॉकहोम करारात पहिली २००९ मध्ये आणि दुसरी २०१९ मध्ये समाविष्ट झाली. नदी वाचवण्यासाठी बसवलेल्या जाळीतून असे काही पाण्यात उतरावे, हे मला पटत नाही. तांब्याच्या जाळीवर स्टिअरिक आम्लाचा लेप सोपा आणि स्वस्त आहे, वर्गात दाखवायला उत्तमही आहे, परंतु तांब्याच्या संपर्कात तेल लवकर खवट होते आणि कॉस्टिकचे पाणी लागले की तो लेप साबण होऊन निघून जातो. तेलगिरणीसाठी तो योग्य नाही.

थंडीचा प्रश्न तुम्ही अगदी नेमका विचारला आहे. सरकीच्या तेलात पामिटिक आम्लाचे प्रमाण जास्त, साधारण चौथ्या हिश्श्याच्या आसपास असते, त्यामुळे थंडीत त्यातला घन भाग स्फटिक होऊन वेगळा पडतो. हे स्फटिक जाळीच्या छिद्रांत बसतात आणि तेल आत येणे थांबते. जाळी खराब झालेली नसते. कोमट तेलात बुडवून काढली की मोकळी होते. पण पहाटे ती काम करणार नाही हे गृहीत धरून हौद दुपारी, ऊन चढल्यावर उपसावा. उन्हाळ्याचे उलट आहे. पंचेचाळीस अंशांच्या उन्हात पाण्याचा पृष्ठताण फार थोडा कमी होतो, तेल मात्र बरेच पातळ होते, त्यामुळे मे महिन्यात जाळी सर्वांत चांगली चालते.

पेंडीचा चुरा ही टिकाऊपणाची खरी अडचण आहे. तो जाळीला चिकटला की त्याला धरून पाणी आत शिरते. जाळीच्या आधी साधी जाड गाळणी आणि चुरा बसण्यासाठी एक छोटा खड्डा ठेवा. कच्च्या तेलातील गोंदासारखा फॉस्फोलिपिडचा भाग पाणी आणि तेल दोघांनाही धरून ठेवतो, तोही हळूहळू जाळीवर बसतो. आठवड्याला जाळी कोमट तेलाने धुवावी, साबणाने किंवा तारेच्या घासणीने नव्हे, आणि स्वच्छ पाण्याचा थेंब घसरेनासा झाला की लेप नव्याने द्यावा.

एक गोष्ट आपल्या भागातली म्हणून सांगते. शेतातून आलेला, न उकळलेला कापूस स्वतःच जलविरोधी असतो, कारण त्याच्या तंतूवर नैसर्गिक मेण असते. पाण्यावर तो तरंगतो आणि तेल मात्र स्वतःच्या वजनाच्या वीस-तीस पटींपर्यंत शोषून घेतो. कमी प्रतीचा, अपक्व तंतूंचा कापूस, ज्याला बाजारात भाव मिळत नाही, तो या कामाला अधिक चांगला. जाळीतून निसटलेल्या पातळ तेलाच्या तवंगासाठी अशा कापसाची सुती जाळीत बांधलेली उशी टाकीच्या शेवटच्या कप्प्यात ठेवून पाहावी. औषधांच्या दुकानातला पांढरा कापूस चालणार नाही. त्याचे मेण काढलेले असते आणि तो आधी पाणीच पितो.

महामार्ग (शिरपूर)

विषय जवळचा आहे म्हणून इथेच विचारतो. आग्रा रोडवर आमचे ट्रक धुण्याचे केंद्र आहे. डिझेल, ग्रीस आणि धुण्याची पावडर असे सगळे पाण्यात असते. उलट काम करणारी, म्हणजे पाणी सोडणारी आणि तेल अडवणारी जाळी असते असे ऐकले. ती आम्हाला जमेल का?

पृष्ठताण (जळगाव)

अशी जाळी आहे. माशांचे खवले पाण्यात तेलकट होत नाहीत, या निरीक्षणावरून लेई जियांग यांच्याच गटाने २०११ मध्ये पॉलिअ‍ॅक्रिलमाइडच्या जेलचा लेप दिलेली पोलादी जाळी मांडली. जेल पाणी धरून ठेवते आणि त्या पाण्याच्या थरावर तेल टेकू शकत नाही. पाणी जड असल्यामुळे ते तळाशी येऊन आपोआप जाळीतून जाते, म्हणजे मांडणीची अडचण इथे मुळातच सुटते, आणि तेल जाळीला चिकटत नसल्याने ती लवकर बुजत नाही. वापरण्याआधी ती पाण्याने भिजवावी लागते; कोरड्या जाळीवर आधी तेल पडले तर ती तेलही सोडते.

तुमच्या बाबतीत दोन गोष्टी आड येतात. धुण्याच्या पावडरीमुळे इथेही सीमेवरचा ताण कमी होतो, त्यामुळे तेल अडवण्याची ताकदही त्याच प्रमाणात घटते. शिवाय ट्रकच्या चाकांना आलेली वाळू आणि माती मऊ जेलला थोड्याच दिवसांत खरवडून काढेल. तुम्ही आधी पावडर बंद करून दाबाच्या नुसत्या पाण्याने धुणे शक्य आहे का ते पाहावे, आणि वाळूसाठी तीन कप्प्यांचा खड्डा करावा. तेल गोळा करायला जलविरोधी जाळीपेक्षा पॉलिप्रॉपिलीनचा पट्टा फिरवणारा स्किमर (पाण्यावरचे तेल उचलणारे यंत्र) तुमच्या चिखलात जास्त टिकेल. आपल्या जळगावात चटया ज्यापासून विणतात तेच हे प्लास्टिक. त्याला वेगळा लेप लागत नाही, ते जात्याच तेल धरते आणि पाणी सोडते.

बोरीकाठ (अमळनेर)

निवळण भाऊ, एकच शेवटचे विचारतो. आम्लाच्या टाकीसाठी आमच्याकडे जुनी लोखंडी टाकी पडून आहे, ती चालेल का?

निवळण (जळगाव)

नाही, चालणार नाही. त्या सामूला साधे लोखंड खाल्ले जाते, त्यातून हायड्रोजन वायू निघतो आणि बंद जागेत तो धोकादायक ठरतो. शिवाय लोह उतरल्याने तुमचे स्निग्धाम्ल आणखी काळे पडेल. एफआरपीची (काचतंतू घातलेल्या प्लास्टिकची) किंवा जाड एचडीपीईची (कडक पॉलिथिनची) टाकी घ्या, पण घेताना ती किती गरम पाणी सहन करते हे विचारूनच घ्या, कारण धुतल्याचे पाणी ऐंशी अंशांपर्यंत गरम असेल तर एचडीपीई मऊ होऊन फुगते. पाणी साठ अंशांच्या खाली आल्यावर टाकीत सोडा, तेवढ्या उष्णतेत आम्लाचे काम व्यवस्थित होते. तळाला निमुळता कोन आणि बाजूला काचेची नळी असू द्या, म्हणजे पाणी कुठे संपते आणि तेल कुठे सुरू होते ते बाहेरून दिसेल.